गाणी भरपूर आहेत, निवडून देणारं कुणी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरच्या नव्या गायक-वादकांवर लेख होता. 'आम्हाला व्यासपीठ मिळत नाही' असा त्यात बहुतेकांचा सूर होता. लेख कळकळीने लिहिला आहे, त्याबद्दल लेखिकेचे आभार. पण रोगाचं निदान मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलंच तर कायद्याचा भाग तेवढा ठेवा, ही विनंती.

मंगळवार पेठेत राहत्या घराच्या माडीवर माझी ध्वनिमुद्रणाची खोली आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आईने शिवलेल्या वाकळा टांगल्या आहेत. पोटासाठी शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक, दुकानांच्या जाहिराती, निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षांची गाणी असं सगळं करतो. पण जीव अडकलाय तो इथल्या लोकांचं संगीत मुद्रित करण्यात. हलगीचे ताफे, सोंगी भजनाची मंडळं, चौंडक्यावर गाणारे जोगती, गौरी-गणपतीत झिम्मा-फुगडी गाजवणाऱ्या बायका, आणि गिटार-कीबोर्ड घेऊन स्वतःच्या चाली बांधणारी कॉलेजची पोरं, सगळे माझ्या जिन्यावरून चढून आलेले आहेत.

केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा अख्खं शहर हळहळलं. रंगमंचाची उणीव मलाही कळते. पण गाणं लोकांसमोर ठेवायला आता रंगमंचच लागतो असं नाही. पोरगं दुपारी माझ्याकडं गातं आणि संध्याकाळी फोनवरून ते गाणं जगापुढं ठेवतं. अडतं ते त्याच्या पुढं. जगभरात रोज इतकी गाणी चढतात की त्या ढिगात आपलं गाणं कुणाच्या हाताला लागणं मुश्कील. पुढं काय सरकवायचं ते तिथं यंत्र ठरवतं, आणि जे आधीच चालतंय तेच यंत्र आणखी चालवतं. हलगीचा हा कडकडाट कुठल्या पेठेतला, तो मर्दानी खेळाचा की जोतिबाच्या सासनकाठीपुढचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगणारा माणूस हवा. ज्याला कान आहे, ज्याने दहा ऐकून नऊ बाजूला ठेवलीत, आणि जो आपल्या नावानिशी म्हणेल की हे एक ऐकाच.

कोल्हापूरला याचं मोल वेगळं सांगायला नको. शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतलं, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं या मातीत रुजलं. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर अवकाशयानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात भारतातलं संगीत म्हणून एकच चीज आहे, केसरबाईंनी गायलेली भैरवी. ती तिथं गेली कारण रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाने, त्या तबकडीवरचे आवाज निवडणाऱ्या कार्ल सेगन यांच्या मंडळींना तिचं नाव सुचवलं. केसरबाईंच्या भैरवीची मूळ तबकडी तेव्हा बाजारात सहज मिळतही नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात शोधून ती मिळवावी लागली. खपाचा आकडा बघून निवडलं असतं तर केसरबाईंचं नावही निघालं नसतं. आणि खुद्द अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी नाही. ज्या गावाने त्यांना एवढं ऐकलं त्या गावाला आज त्यांचा आवाज ऐकता येत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

नव्या जमान्यात हे निवडण्याचं काम कसं चालतं, त्याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये डब्ल्यूएफएमयू नावाचं, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ केंद्र आहे. त्यांनी २००९ साली 'फ्री म्युझिक अर्काइव्ह' सुरू केलं. कुणीही यावं आणि काहीही टाकून जावं असा तो मामला नव्हता. रेडिओ केंद्रं, छोट्या ध्वनिमुद्रण संस्था, महोत्सव भरवणारे अशांना क्युरेटर म्हणून बोलावलं, आणि ते ज्यांच्या मागं उभे राहिले ती गाणी तिथं आली. गाण्याशेजारी ते कुणी निवडलं हेही दिसायचं आणि ते कोणत्या अटींवर वापरता येईल हेही. माहितीपट करणारे, पॉडकास्टवाले तिथून संगीत उचलू लागले, आणि कुणी कधी नाव न ऐकलेले वादक त्यांच्या श्रेयनामावलीत दिसू लागले. २०१८ साली हा संग्रह बंद पडायची वेळ आली. पुढच्या वर्षी एका डच कंपनीने तो चालवायला घेतला. पण तो बुडाला असता तरी त्यातली बरीचशी गाणी बुडाली नसती, कारण खुल्या परवान्यामुळे, म्हणजे आधीच लेखी दिलेल्या मुभेमुळे, त्यांच्या प्रती कुणालाही दुसरीकडे जपून ठेवता येत होत्या.

एवढं लांब कशाला, आपल्याच भाषेत जात्यावरच्या ओव्यांचं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या साथीदारांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. तिथं गाणारीचं नाव, गाव, तालुका, ती काय काम करते, तिला मुलं किती, ओवी मुद्रित कधी केली, हे सगळं नोंदलेलं असतं. एकेका बाईची एवढी नोंद ठेवायला किती पायपीट आणि किती बैठका लागल्या असतील ते माझ्यासारख्याला नेमकं कळतं. ओवी पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती कुणाची आहे ते कळतं.

आमच्याकडं याच्या नेमकं उलट चाललंय. एका जोतिबाच्या यात्रेआधी हलगीचा ताफा माझ्याकडं आला होता. चामड्याचं पान ओलीनं ढिलं पडतं, म्हणून हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. पोरांनी दारात रद्दी पेटवली. जाळावर हलगी फिरवायची, टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची, असं बराच वेळ चाललं. हल्ली पुष्कळजण फायबरचं पान लावतात, ते शेकावं लागत नाही, पण तो आवाज येत नाही. शेकलेली हलगी माइकच्या तोंडाशी धरली तर आवाज फाटतो, म्हणून तिचा माइक मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावला, घुमक्याला जमिनीलगत वेगळा, आणि कैताळवाल्याला दाराजवळ उभं केलं. मुद्रण उत्तम झालं. पोरांनी ते फोनच्या ग्रुपवर टाकलं. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जाताना फाइलीचं नाव गळालं, आणि आज ती 'एयूडी', पुढं तारीख, पुढं 'डब्ल्यूए' आणि एक आकडा, एवढ्याच ओळखीवर गावभर फिरते. लग्नाच्या व्हिडिओत मी ती ऐकली, दुकानाच्या जाहिरातीत ऐकली. वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं नाही. वापरणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना नाव द्यायचं असतं तरी ते आणणार कुठून?

दुसरा अनुभव याहून कडू. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या बायकांनी माझ्याकडं गौरीची गाणी गायली. गाणी आजी-पणजीपासून चालत आलेली, आवाज त्यांचे, मुद्रण माझ्या खोलीतलं. व्हिडिओच्या एका संकेतस्थळावर ती चढवल्यावर थोड्याच दिवसांत एका गाण्यावर कुठल्याशा ध्वनिमुद्रण कंपनीचा हक्क दिसायला लागला. तेच पारंपरिक गाणं त्या कंपनीने कधीतरी आपल्या कलाकाराकडून गाऊन घेतलं होतं. चालीला चाल जुळली आणि यंत्राने आमचं गाणं त्यांच्या नावे लावलं. हरकत घेतली, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, अखेर दावा मागं घेतला गेला. पण तोवर गणपती उलटून गेले होते, आणि त्या गाण्याचा हंगामच तो. त्यांच्यातल्या एक मावशी मला विचारत होत्या, "म्हंजे आमच्या आज्जीचं गाणं आता त्यांचं झालं व्हय, दादा?"

नाही झालं, मावशी. आणि हे प्रत्येक मंडळाला माहीत असायला हवं. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना वेगवेगळं मानतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर कुणालाही मालकी सांगता येत नाही. कंपनीचा हक्क कंपनीच्या मुद्रणापुरता, तुमच्या मुद्रणावर तो चालत नाही. मात्र मुद्रणाचा मालक कोण, हे आधी ठरवून लिहून ठेवा. ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर मुद्रण झालं तो निर्माता, असं कायदा म्हणतो. मग तो मी, की गाणाऱ्या बायका, की मंडळाला पैसे देणारे नगरसेवक? वाद इथंच लागतात. म्हणून मी आता मुद्रणाला सुरुवात करण्याआधी एक पानी करार पुढं ठेवतो: मालकी गाणाऱ्यांची, माझी मजुरी एवढी, आणि गाणं खुलं करायचं असेल तर कोणत्या अटीवर.

अटींचा प्रश्न क्रिएटिव्ह कॉमन्सने सोपा करून ठेवला आहे. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ही संस्था काढली, २००२ च्या अखेरीस पहिले परवाने आले, आणि सध्या वापरात असलेली ४.० आवृत्ती २०१३ ची. यात मालकी सोडायची नसते. गाणं आपलंच राहतं, फक्त लोकांना आधीच लेखी सांगून ठेवायचं की कोणत्या अटीवर घेऊ शकता. नाव देणं ही अट सगळ्या सहा परवान्यांत आहे, आणि आमच्या हलगीवाल्यांना पहिल्यांदा तेच हवं आहे. त्यापुढं वाटलं तर 'यावरून जे कराल तेही याच अटीवर खुलं ठेवा' असं घालता येतं, किंवा 'धंद्यासाठी विचारल्याशिवाय नको', किंवा 'बदल करून वाटायचं नाही'. शेवटच्या अटीबद्दल एक लक्षात ठेवा. ४.० परवान्यात गाणं चित्रांबरोबर जुळवून बसवलं की तो बदलच धरतात, त्यामुळे बदल बंद केला तर लघुपटवाल्या पोरांना ते वापरताच येणार नाही.

माझं मत विचाराल तर गौरीची गाणी, हलगीचे हात अशी परंपरेतली मुद्रणं नाव देऊन आणि तसंच खुलं ठेवण्याच्या अटीवर द्यावीत. ती मग विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या चित्र-ध्वनी संग्रहातही ठेवता येतात आणि तिथून मराठी विकिपीडियावरच्या लेखांत लावता येतात. 'धंद्यासाठी नको' म्हटलेलं विकिमीडिया कॉमन्सवर चालत नाही. पण ज्या पोरांनी स्वतः शब्द लिहिलेत, चाल बांधलीय आणि ज्यांना यावर पोट भरायचं आहे, त्यांनी धंद्याची अट घालावीच. कॉलेजच्या लघुपटाने फुकट वापरावं. गुजरीतल्या सराफाला जाहिरातीत हवं असेल तर त्याने फोन करावा आणि पैसे द्यावेत.

दोन इशारे. एकदा दिलेला परवाना मागं घेता येत नाही. उद्या गाणं काढून टाकलंत तरी ज्यांनी ते त्या परवान्यावर घेतलंय त्यांचं ते राहतं. तेव्हा घरी चार दिवस विचार करा, ताफ्यातल्या सगळ्यांना विचारा, मग सही करा. आणि गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचे सभासद असाल तर आधी तिथला करार वाचा. सभासद होताना काही हक्क संस्थेच्या नावे केलेले असतात. जो हक्क आपल्याकडं उरला नाही तो खुला कसा करणार?

'फुकट दिलं तर खाणार काय?' हे मला रोज ऐकावं लागतं. प्रश्न रास्त आहे. खुल्या परवान्याने थेट पैसा येत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. पण हलगीवाल्याला पैसा मिळतो तो सुपारीवर, आणि सुपारी येते ती नाव आणि फोन लोकांपर्यंत पोचला तर. आज त्याचं वाजवणं पोचतं आणि नाव मागं राहतं. मोठ्यांचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नाईन इंच नेल्स या बँडने २००८ साली एक अख्खा अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली काढला. लोकांना तो आपसात फुकट वाटायची मुभा होती, तरी त्या वर्षी ॲमेझॉनवर एमपीथ्री स्वरूपात सर्वांत जास्त विकला गेलेला अल्बम तोच ठरला. आमची पोरं काही नाईन इंच नेल्स नाहीत, पण ऐकलेलं गाणं माणूस विकत घेत नाही ही समजूत तेवढ्याने खोटी पडते.

आणि मागणी इथंच आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना पार्श्वसंगीत लागतं. गणेशोत्सवात सजीव देखाव्यांना लागतं. राजारामपुरीत दर दोन गल्ल्यांआड एक पोरगा कॅमेरा घेऊन लघुपट करतोय, त्याला लागतं. ही सगळी मंडळी परदेशी संग्रहातलं तयार संगीत उचलतात, कारण ते शोधलं की सापडतं आणि त्याच्या अटी लिहिलेल्या असतात. पन्हाळ्यावरचा प्रसंग आणि मागं कुठल्याशा परक्या गावातला पियानो, असं ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं. हाकेच्या अंतरावर चौंडकं आहे, तुतारी आहे, ढोल आहे.

म्हणून आपल्याकडं मागणं असं. कोल्हापूर आवृत्तीत आठवड्याला एक चौकट द्या. तिच्यात एकच गाणं. गाण्याचं नाव, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि गाव, परवाना कोणता, आणि फोनने टिपून ऐकता येईल असा क्यूआर कोड. खाली निवडणाऱ्याच्या सहीनिशी दहा ओळी: हेच का निवडलं, काय ऐकावं. मूळ मुद्रण इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहात आणि जमेल तिथं विकिमीडिया कॉमन्सवर ठेवू, म्हणजे वृत्तपत्रावर साठवणुकीचा भार नाही. निवडणारा दर महिन्याला बदलावा. गायन समाज देवल क्लबमधल्या जाणत्यांनी एक महिना घ्यावा, शिवाजी विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या अध्यापकांनी एक. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं निवडून वाचकांच्या हातात देत आलंय, त्यांच्या ग्रंथपालांना माझ्याइतकं संगीत कळत नसेल कदाचित, पण नोंद कशी ठेवावी हे त्यांच्याकडून आम्ही शिकू. आणि एक महिना एखाद्या हलगीवाल्याने नक्की घ्यावा. हलगीतलं बरं-वाईट त्याच्याइतकं कुणाला कळणार?

नियम मात्र कडक हवेत. निवडणाऱ्याने स्वतःचं, नात्यातलं किंवा शिष्याचं गाणं घ्यायचं नाही. कलाकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझ्याकडं येणाऱ्या एका बँडला कुणीतरी पैसे भरा, मग आमच्या यादीत टाकतो असं सांगितलं होतं आणि पोरांनी वर्गणी काढून ते भरलेही. यादीत गाणं आलं, ऐकलं कुणीच नाही. आणि ज्या आठवड्यात चांगलं काही सापडलं नाही त्या आठवड्यात चौकट छापू नये.

गाणाऱ्याची संमती ही शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट. जोगत्यांची काही गाणी ठरावीक वेळीच म्हणायची असतात. एकदा मुद्रण चालू असताना त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी हात वर केला, "हे आता नको, हे बाहेर द्यायचं नाही." मी माइक बंद केला आणि त्यांनी ते गाणं आपल्यापुरतं म्हटलं. ज्यांना गाणं खुलं करायचं नाही त्यांच्यावर कुणीही, अगदी चांगल्या हेतूनेही, दडपण आणू नये. सही न येणाऱ्या बाईला परवाना तिच्या भाषेत वाचून दाखवावा, तिची संमती आवाजात मुद्रित करून ठेवावी.

चौकट सुरू करायची झाली तर गौरी-गणपतीच्या आधी सुरू करा. झिम्म्याची गाणी त्याच दिवसांत बायका एकमेकींकडून मागत असतात, गावोगाव स्पर्धा त्याच वेळी असतात. काही मंडळांची मुद्रणं, गाणाऱ्यांची नावं आणि सह्या झालेले करार माझ्याकडं तयार आहेत. आपण वेळ द्याल त्या दिवशी ते घेऊन कार्यालयात येतो.

आपला नम्र,
एक ध्वनिमुद्रक
मंगळवार पेठ, कोल्हापूर